पुडीचा हिशेब

दर रविवारी सकाळी आमची सौ. दुधात ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी कालवून माझ्यापुढे ठेवते. शेजाऱ्यांनी सांगितलंय, हृदयालाही चांगली! मी निमूटपणे पितो. पण बँकेतली जुनी सवय काही सुटत नाही. हिशेब तपासावासा वाटतो.

आजारी माणसांच्या रक्तात ‘ड’ कमी आढळतं, हे खरं. पण अंथरुणाला खिळलेला माणूस उन्हात जाणार कधी? मग कमतरतेमुळे आजार, की आजारामुळे कमतरता?

हा गुंता सोडवण्यासाठी अमेरिकेत ‘व्हायटल’ ही मोठी चाचणी झाली. पन्नाशी ओलांडलेले २५,८७१ स्त्रीपुरुष. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एकाला रोज २००० युनिट ‘ड’, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय, हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना देणाऱ्याला. पाचेक वर्षांनी, २०१८ मध्ये निकाल लागला : कर्करोग आणि हृदयविकार दोन्हीकडे जवळपास सारखेच. २०२२ मध्ये हाडं मोडण्याबाबतही तेच दिसलं.

मग औषध खोटं? छे! त्यातल्या बहुतेकांना कमतरता नव्हतीच. भरल्या खात्यात आणखी भरणा करून काय साधणार? मुलांचा मुडदूस, मोठ्यांची मऊ पडलेली हाडं, तिथे हे औषध हवंच. अतिरेक झाला, तर मात्र रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

पुडी मी परस्पर बंद करणार नाही. डॉक्टरांना एवढंच विचारीन : माझ्या खात्यात तूट आहे का हो?