मांडीतला लाल धागा

सशाची मागची मांडी हाडापासून सोडवली आणि तिच्यातले स्नायू एकेक करून वेगळे केले, की आत एक नवल लपलेलं दिसतं. जवळजवळ सगळं मांस फिकट, गुलाबीसर पांढरं. आणि त्या फिकट मांसात खोलवर एक स्नायू चक्क गडद लाल. प्राणी एक, पाय एक, खाणं एक, अंगात फिरणारं रक्तही एकच. तरी शेजारशेजारचे दोन स्नायू रंगाने इतके निराळे. लुई रांव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७३ साली सशाच्या याच स्नायूंचा अभ्यास केला. विजेचा झटका दिल्यावर फिकट स्नायू चटकन आखडत होता आणि चटकन सैल पडत होता. लाल स्नायू मात्र सावकाश आखडत होता. चपळ स्नायू वेगळे आणि दमदार स्नायू वेगळे, ही आज शाळेतही शिकवली जाणारी गोष्ट उलगडण्यात या सशाचा मोठा वाटा आहे.

मला याचं अप्रूप वाटतं ते स्वयंपाकासाठी. कधी न रांधलेलं मांस घरात आलं की आपण पहिल्यांदा पाककृती शोधतो. पण तो प्राणी कसा धावत होता, किती उडत होता, किती वर्षं जगला, हे कळलं तर अर्धी पाककृती आधीच हातात येते.

मांसाचा लाल रंग रक्ताचा नसतो. रक्त तर कापतानाच बहुतेक निघून जातं. हा रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. स्नायूच्या पेशीत बसून ते प्राणवायू धरून ठेवतं आणि स्नायू राबू लागला की सोडतं. जो स्नायू तासन्‌तास राबतो त्यात ते जास्त, जो क्षणभर उसळी मारून थांबतो त्यात कमी. देवमासा एका श्वासावर खोल समुद्रात बुडी मारतो, म्हणून त्याचं मांस जवळजवळ काळं दिसावं इतकं मायोग्लोबिन त्यात साठलेलं असतं. केंब्रिजच्या जॉन केंड्र्यू यांनी प्रथिनाच्या रेणूची त्रिमितीय रचना शोधायला घेतली, तेव्हा उपयोगी पडलं ते देवमाशाचंच मायोग्लोबिन. १९५८ साली त्यांनी या रेणूचं पहिलं ओबडधोबड प्रारूप जगापुढे मांडलं, आणि १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना माक्स पेरुट्झ यांच्याबरोबर मिळालं. कोणत्याही प्रथिनाचा असा आकार माणसाने त्याआधी पाहिलेला नव्हता. आपल्या पातेल्यातल्या मटणाला रंग देतं तेच हे प्रथिन.

आता सशाकडे येऊ. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो बिळाजवळच चरतो. धोका दिसला की एक वेगवान धाव आणि थेट बिळात. एवढ्या धावेला साठवलेली साखर पुरते, श्वासाची फार गरज लागत नाही. म्हणून त्याचं मांस कोंबडीसारखं फिकट. रानससा बीळ खणत नाही. त्याचं घर म्हणजे गवतातला एक खळगा, आणि जीव वाचवायचा तर दूरवर धावत राहण्यावाचून इलाज नाही. त्याची पिल्लंसुद्धा अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्मतात, तर बिळातल्या सशाची पिल्लं आंधळी आणि उघडी. रानसशाचं हृदय शरीराच्या मानाने पाळीव सशापेक्षा कितीतरी मोठं, आणि मांस गडद लाल. दिसायला भाऊभाऊ वाटणारे हे दोघे पातेल्यात उतरले की एकमेकांचे कोणीच नाहीत.

फ्रान्सच्या स्वयंपाकघरात हा फरक नीट जपलेला आहे. पाळीव ससा मोहरीच्या रसात, पांढऱ्या वाइनमध्ये हलका शिजतो. रानससा लाल वाइनमध्ये मुरवून तासन्‌तास शिजवतात आणि त्याच्याच रक्ताने रस्सा दाट करतात. देश एकच, पण रीत मांसाच्या रंगाप्रमाणे बदलते.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. आपल्या माळरानावरचा रानससा आणि तितर हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांची शिकार आणि विक्री गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. भारतात खाण्यासाठी ससे पाळले जातात ते न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला अशा जातींचे. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने या जातींवर बरीच वर्षं काम केलं आहे. यापुढे घरच्या पातेल्याविषयी जे लिहितो आहे, ते अशा पाळलेल्या सशाविषयी.

तीनेक महिन्यांचा, दोन किलोंच्या आसपासचा ससा साफ केल्यावर हाती सुमारे किलोभर मांस येतं. त्याचे तुकडे सरसकट एकाच वेळी शिजवणं हा सशावरचा सगळ्यांत मोठा अन्याय. बोकडाचं मटण आपण सगळं एकत्र शिजवतो आणि ते खपून जातं. सशाचं तसं नाही. पाठीच्या कण्यालगतचे दोन लांब, मऊ पट्टे, मागच्या मांड्या आणि पुढचे बारके पाय हे तीन वेगळे पदार्थच समजावेत. पुढचा पाय कापताना गंमत कळते: धडाशी तो हाडाच्या सांध्याने अडकलेला नसतो, नुसत्या स्नायूंनी धरलेला असतो. सुरी अलगद आत जाते, हाड आडवं येतच नाही. सशाची हाडं बारीक, त्यांच्या टोकदार किरच्या उडतात. म्हणून कोयत्याने घाव घालण्यापेक्षा सांध्यांत सुरी घालून तुकडे करावेत.

मग येते आच. मांस तापू लागलं की साधारण ५० अंशांपासून स्नायूंमधली प्रथिनं आकसायला लागतात. ६५ ते ७० अंशांच्या पुढे आणखी एक प्रथिन आवळतं आणि आतलं पाणी बाहेर ढकललं जातं. पाठीचा मऊ तुकडा इथेच कोरडा पडतो. पण नेमक्या त्याच सुमाराला दुसरं काहीतरी सुरू होतं. स्नायूंना बांधून ठेवणारं, रबरासारखं चिवट कोलॅजन पाण्यात हळूहळू विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. पायाच्या रश्शात बोटांना चिकटणारा जो गुळगुळीतपणा आपल्याला आवडतो, तो हाच. राबणाऱ्या पायात कोलॅजन जास्त, पाठीत कमी. म्हणजे ज्या उष्णतेने पाठ बिघडते त्याच उष्णतेने मांडी सुधारते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. दोन विरुद्ध गोष्टी एकाच पातेल्यात, एकाच आचेवर घडत असतात.

म्हणून मांड्या आणि पुढचे पाय आधी. मंद आचेवर, झाकण ठेवून, पाऊण ते एक तास. पाठीचे तुकडे शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत रश्शात सोडावेत. आतपर्यंत ७१ अंश गाठले की पुरे. कुकरची शिट्टी सशाला मानवत नाही. आत तापमान १२० अंशांपर्यंत चढतं आणि मांसाचे दोरे होतात. आदल्या रात्री मीठ चोळून ठेवलं तर फार फरक पडतो. दही किंवा लिंबू वरच्या थरापलीकडे फारसं जात नाही, मीठ मात्र आतपर्यंत उतरतं आणि प्रथिनांना पाणी धरून ठेवायला लावतं.

माल्टाच्या बेटावर ही समज शेकडो वर्षांची आहे. तिथे ससा हा जवळजवळ राष्ट्रीय पदार्थ. लसूण, तमालपत्र आणि लाल वाइनमध्ये मुरवायचा, तेलात परतायचा, मग टोमॅटोत सावकाश शिजवायचा. गावच्या खाणावळीत मित्रमंडळी जमतात, आधी त्याच रश्शातली स्पॅगेटी येते आणि मग ससा. या जेवणाला फेन्काटा म्हणतात. सेंट जॉनच्या सरदारांनी १५३० ते १७९८ पर्यंत बेटावर राज्य केलं आणि शिकारीवर बंधनं घातली. १७७५ साली तिथल्या धर्मगुरूंनी उठाव केला, त्यामागच्या असंतोषात सशांच्या शिकारीवरची बंदीही होती. आजही २९ जूनच्या इम्नार्या सणाला बुस्केटच्या झाडीत लोक ससा खायला जमतात.

तेलात परतणं ही नुसती चवीची बाब नाही. सशाची चरबी मूत्रपिंडांभोवती आणि खांद्यापाशी साठते, मांसात जवळजवळ नसतेच. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात हिवाळ्यात फक्त ससे खाऊन राहिलेली माणसं पोटभर जेवूनही आजारी पडत. यकृत ठरावीक प्रमाणापर्यंतच प्रथिनं पचवून त्यातलं नत्र युरियाच्या रूपाने बाहेर काढू शकतं. बाकी ऊर्जा चरबीतून किंवा पिठूळ अन्नातून मिळावी लागते. ध्रुवप्रदेशाचे प्रवासी विल्यालमुर स्टेफानसन यांनी १९२८ साली न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात वर्षभर फक्त मांसावर राहण्याचा प्रयोग सुरू केला. सुरुवातीला त्यांना बिनचरबीचं मांस दिलं गेलं. काही दिवसांतच त्यांना मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी दिल्यावर ते बरे झाले.

आणि इथे आपलं वाटण किती शहाणं आहे बघा. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं. भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, धणे आणि थोडी खसखस यांचं दाट वाटण सशाला नेमकं तेच देतं जे त्याच्याकडे नाही. शेजारी भाकरी किंवा भात असला की स्टेफानसन यांच्यावर आली तशी वेळ येत नाही. मसाला मात्र बेताने. सशाची चव नाजूक आहे, कांदा-लसूण मसाला मोकळ्या हाताने घातला तर तीच हरवते. माझ्या मते पांढऱ्या रश्शाची पद्धत त्याला तांबड्यापेक्षा जास्त शोभते.

हाच विचार इतर मांसांना लावून पाहण्यात मोठी मजा आहे. गावठी कोंबडीला ब्रॉयलरपेक्षा दुप्पट वेळ का लागतो? ती जास्त महिने जगलेली असते, आणि वयाबरोबर कोलॅजनचे धागे एकमेकांत अधिक घट्ट बांधले जातात. तिला कुकर चालतो, आवडतोसुद्धा. लाव्हे मुळात लांबवर स्थलांतर करणाऱ्या कुळातले, त्यामुळे त्यांची छाती कोंबडीच्या छातीपेक्षा गडद असते. पाळीव जपानी लाव्हा जेमतेम दीड-दोनशे ग्रॅमचा, सहाएक आठवड्यांत वाढतो, आणि तेलावर परतून थोड्याच वेळात होतो. बदकाचंही तेच: छाती लाल, आणि वर चरबीचा जाड थर. ती चरबी आधी मंद आचेवर सोडवून घ्यावी आणि बटाटे त्यातच परतावेत.

सगळ्यांत विलक्षण इमू. २०१० च्या आसपास महाराष्ट्रात इमूपालनाची लाट आली आणि ओसरली; त्यात अनेक शेतकरी होरपळले. तो पक्षी आहे, पण उडत नाही, म्हणून त्याच्या छातीवर मांस जवळजवळ नसतंच. जे आहे ते धावणाऱ्या मांड्यांचं, बोकडाहूनही लाल, आणि सशासारखंच बिनचरबीचं. मांडीच्या मऊ भागाचे पातळ काप करावेत, तवा चांगला तापवावा, थोडं तूप सोडावं, दोन्ही बाजूंनी मिनिट-दीड मिनिट परतावं आणि मधोमध किंचित गुलाबी असतानाच उतरवावं. मिरपूड आणि मीठ, बस्स. पोटरीच्या शिरेदार भागाचा मात्र खिमा करावा किंवा तो पायासारखा रात्रभर निखाऱ्यावर ठेवावा.