संगणकाशी ओळख, भाग ६ : ठसा फाटकाबाहेर जात नाही

गेल्या आठवड्यात आपण पहिली कमिट केली आणि ती गिटहबवर चढवताना अडलो. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातोय ना? तुमचं काही चुकलेलं नाही. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेतच नाही. टोकन चालतं, पण रोजच्या वापराला किल्ल्यांची जोडी बरी.

टर्मिनलमध्ये एसएसएच-कीजेन चालवा, प्रकार ईडी२५५१९ द्या. डॉट-एसएसएच नावाच्या लपलेल्या फोल्डरात दोन फायली तयार होतील. जिच्या नावाला 'डॉट पब' असं शेपूट आहे ती जाहीर किल्ली. बिनशेपटाची ती खासगी.

नाशिककरांना यातला फरक सांगायला लांब जायला नको. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये टपाल तिकिटं छापतात. तिकीट गावभर फिरतं, कुणीही निरखून पाहावं. ते छापणारा ठसा मात्र फाटकाबाहेर जात नाही. खासगी किल्ली म्हणजे तो ठसा. उपमा एका पायाने लंगडी आहे म्हणा: तिकीट पाहून एखादा कसबी माणूस नकली ठसा कोरेलही, पण जाहीर किल्लीवरून खासगी काढणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

गंमत अशी, की जोडणी होताना खासगी किल्ली लॅपटॉप सोडतच नाही. लॅपटॉप तिने त्या जोडणीपुरती एक सही करतो आणि गिटहब ती जाहीर किल्लीशी ताडून पाहतं. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, त्यानंतरच टाटू इलोनेन यांनी सुरक्षित जोडणीचं हे तंत्र, म्हणजे एसएसएच, लिहिलं.

एका कार्यशाळेत एका मुलाने "सर, यातली कुठली पेस्ट करू?" म्हणून दोन्ही फायली व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या. ग्रुपमध्ये साठ जण! मेसेज डिलीट करून भागत नाही; ती जोडी मोडीत काढून नवी करायची. मोठ्यांचंही असं होतं. मार्च २०२३मध्ये गिटहबची स्वतःचीच एक खासगी किल्ली थोडा वेळ उघड्या रिपॉझिटरीत दिसली आणि त्यांना ती बदलावी लागली. म्हणून कीजेन पासफ्रेज विचारतं तेव्हा नुसतं एंटर दाबू नका.

आता 'एसएसएच-ईडी२५५१९'ने सुरू होणारी पब फाइलमधली ओळ गिटहबच्या सेटिंग्जमध्ये चिकटवा. पहिल्या जोडणीला एक फिंगरप्रिंट दाखवून "यस की नो" विचारतील. गिटहबच्या मदत-पानावरच्या फिंगरप्रिंटशी ताडूनच यस म्हणा. चाचणीला तुमच्या नावाने "हाय" येतं आणि पुढे शेल ॲक्सेस मिळणार नाही असंही लिहिलेलं असतं. ते वाचून दचकू नका, काम झालेलं असतं. कॉलेजच्या वायफायवर काहीच उत्तर आलं नाही, तर बहुधा २२ नंबरचा पोर्ट बंद असतो; तेव्हा गिटहबचा ४४३चा रस्ता धरा.