जुन्या रेडिओतली विजेची टाकी

मुलांनो, जुना व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की कधी कधी गाण्यापेक्षा 'घूंऽऽ' असा आवाजच मोठा येतो. तो लगेच बंद करा! दोष बहुधा कपॅसिटरचा असतो. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. तिच्यातला ओलावा वर्षानुवर्षांत सुकतो, वीज एकसारखी मिळत नाही आणि रेडिओ घुमू लागतो.

कपॅसिटर बदलता येतो. पण नळाचे पाणी गेले तरी टाकीत साठा उरतो ना? तसेच प्लग काढल्यावरही यात २५० व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब राहू शकतो. म्हणून झाकण जाणकार मोठ्या माणसानेच उघडावे.

पालकांसाठी: प्लग काढा. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर प्लास्टिक आवरणाच्या क्लिपांनी कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना अर्धा मिनिट जोडा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडू नका. मग प्रत्येक मोठा कपॅसिटर डीसी मीटरने तपासा. नव्याचे मायक्रोफॅरड जुन्याइतकेच असावेत. व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील. धन-ऋण टोके उलटी जोडल्यास तो फुटू शकतो.

मुलांनो, तुमचे काम दुरून मीटर वाचण्याचे. "शून्य!" असे तुम्ही मराठीत ओरडल्याशिवाय बाबांनी किंवा आईने आत हात घालायचा नाही!