इंजिनाची हवा कुठून निसटते?

इंजिनाची ताकद घटली, की सिलिंडरची गळती शोधायला लीक-डाउन टेस्टर घरीही बनवता येतो. रेग्युलेटर, दोन प्रेशर गेज आणि त्यांच्या मध्ये सुमारे १ मिलिमीटरचे छिद्र, एवढीच जुळणी. टेस्टरचे सिलिंडरकडचे टोक बंद केल्यावर दोन्ही गेज सारखे दिसले पाहिजेत. मग टोकाला ठरावीक मापाचे छिद्र जोडून दुसऱ्या गेजचा आकडा नोंदवा, हेच कॅलिब्रेशन.

पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या माथ्यावर आणा, क्रँक पक्का रोखा, टेस्टरमधून सिलिंडरमध्ये ८० पीएसआय हवा सोडा. दुसरा गेज ७२ दाखवत असेल, तर घट १० टक्के. फुसफुस कार्बोरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणाशी आली तर रिंगा तपासा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तर संशय हेड गॅस्केटवर.