गणिताचे शनिवारचे टिपण

शाळेत गणित शिकविणाऱ्या मास्तराने आठवड्यातून एकदा आपल्या विद्यार्थ्यांस चार ओळी लिहून द्याव्यात, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. या आठवड्यात वर्गात काय झाले, पुढच्या आठवड्यात काय होणार, मुले कोठे अडली आणि रिकाम्या वेळी डोके चालवावयास एखादे कोडे, एवढे त्यात असले म्हणजे पुरे. विषय दिसावयास लहान आहे. परंतु पाचवीपासून आठवीपर्यंतच्या चार वर्षांत गणिताचा धागा ज्याच्या हातून सुटला, त्याला तो पुढे सापडणे किती कठीण असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो लहान वाटणार नाही.

या चार वर्षांतच गणित आपले रूप पालटते. चौथीपर्यंत मूल बोटे मोजते, चिंचोके मांडते, आणि उत्तर डोळ्यांस दिसते. पाचवीत अपूर्णांक येतात, मागोमाग दशांश व शेकडेवारी येते, सहावी-सातवीत शून्याखालच्या संख्या, आणि मग एके दिवशी आकड्याच्या जागी अक्षर येऊन बसते. प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर उभी असल्यामुळे, अपूर्णांकांच्या आठवड्यात तापाने अंथरुणास खिळलेला मुलगा शेकडेवारीच्या वेळी वर्गात बसून असला तरी वर्गात नसतो. तो गप्प राहतो, आणि गप्प मूल शहाणे समजले जाते. पूर्वी वार्षिक परीक्षेत तरी ही गोष्ट उघडकीस येई. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, आणि आठवीपर्यंत कोणासही त्याच वर्गात ठेवावयाचे नाही असे ठरले. हेतू चांगला होता. नापासाचा शिक्का बसून शाळा सोडणारी मुले थोडी नव्हती. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस परीक्षा घेण्याची मुभा राज्यांस मिळाली. पण परीक्षा झाली काय आणि न झाली काय, वर्षाच्या शेवटी कळलेली गोष्ट उशिराच कळलेली असते. आठवड्याच्या शेवटी कळली तर ती सोमवारी दुरुस्त करता येते.

आमचे माकुणसार हे पालघर तालुक्यातील केळवे-सफाळे पट्ट्यातले गाव. या भागातील पुष्कळ घरांतील कर्ता माणूस पहाटेच्या गाडीने मुंबईकडे जातो आणि दिवेलागणीनंतर परततो. डहाणूपर्यंत लोकल गाड्या २०१३ साली सुरू झाल्या, तेव्हापासून तर ही संख्या वाढलीच आहे. तिकडे बोईसर-तारापूरच्या बाजूस कारखान्यांत व अणुवीज केंद्रात पाळ्यांची कामे. बाप रात्रपाळीहून येऊन झोपतो तेव्हा मूल शाळेस निघते. अशा पालकाने शाळेत येऊन मास्तरांस भेटावे अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. त्याला भेटणार तो कागदच. हा कागद विद्यार्थ्यांसाठी असतो हे खरे, पण तो दप्तरातून घरी जातो, आणि घरात जो वाचील त्याचा होतो.

आता हा कागद कसा असावा? पुष्कळ ठिकाणी त्याची केवळ गृहपाठाची यादी होते: उदाहरणसंग्रह अमुक, गणिते तमुक, वही सोमवारी आणावी. यात शिकविणे कोठेच नाही. माझ्या मते टिपणाचे हृदय म्हणजे मुलांची त्या आठवड्यातील एक सर्वसाधारण चूक, आणि ती चूक का होते याचे साध्या शब्दांतले स्पष्टीकरण. एक उदाहरण देतो.

अर्धा अधिक एक तृतीयांश किती? वर्गातील कितीतरी मुले वरच्या अंकांची बेरीज करतात, खालच्या अंकांची करतात, आणि दोन पंचमांश असे उत्तर लिहितात. त्यावर तांबडी फुली मारली की मास्तराचे काम संपले असे समजण्याची चाल आहे. मुलाला मात्र एवढेच कळते की आपले चुकले. का चुकले हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेस ते पुन्हा तेच करते. त्याऐवजी टिपणात असे लिहावे: आईने तुला अर्धी भाकरी वाढली, नंतर आणखी एक तृतीयांश वाढली. आता तुझ्या ताटात अर्ध्याहून जास्त भाकरी आहे की कमी? जास्त आहे, हे सांगावयास गणित लागत नाही. पण दोन पंचमांश हे अर्ध्याहून कमी! म्हणजे आईने वाढले आणि ताटातले घटले. असे होईल काय? मग भाकरीचे सहा सारखे तुकडे करून पाहा. अर्धी म्हणजे तीन तुकडे, एक तृतीयांश म्हणजे दोन, मिळून पाच. उत्तर पाच षष्ठांश. तुकडे सारख्या आकाराचे झाल्यावाचून ते एकत्र मोजता येत नाहीत, एवढ्यासाठीच छेद समान करावयाचे असतात. हे दहा ओळींत लिहून होते, आणि ते वाचून घरातील ज्या माणसाने शाळेचे तोंड पाहिले नाही तेही मान डोलावते.

घरातल्या माणसांचा विषय निघाला म्हणून भाषेविषयी थोडे बोलतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आली, आणि वर्तमानपत्रांतून केवढा गदारोळ झाला हे आपणांस स्मरत असेल. सत्तावीस ऐकून बहात्तर लिहिणारे मूल ज्याने पाहिले आहे त्याला त्या रीतीचा हेतू कळतो. आणि ‘सत्तावीस’ हा शब्द हरवू नये असे म्हणणाऱ्याचेही खोटे नाही. टिपण लिहिणाऱ्याने या वादात न पडता दोन्ही लिहावे. जो शब्द घरी चालतो तो शाळेच्या कागदावर भेटला म्हणजे मुलाला धीर येतो.

घरच्या शब्दांत आज सर्वांत उपेक्षित असा ठेवा म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते तोवर पाव, अर्धा, पाऊण यांवाचून बाजार चालत नसे, कारण सोळा आणि चौसष्ट या संख्या पुन्हा पुन्हा निम्म्या करता येतात. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर पैसे झाले, १९५८ पासून किलोग्रॅम व मीटर येऊ लागले, आणि या पाढ्यांचे बाजारातले काम संपले. दशमान पद्धतीने हिशेब सोपा झाला यात वाद नाही. मात्र अपूर्णांक तोंडी ठेवण्याची जी सवय घराघरांत होती, ती त्याबरोबर गेली.

ती अगदीच गेली नाही हे आमच्या किनाऱ्यावर दिसून येते. सातपाटी, केळवे, दातिवरे या बाजूस राहणाऱ्यास भरतीची वेळ ठाऊक असावी लागते, आणि तिचा जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचे तास मिळतात. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. सुमारे सहाला भरती. दशमीस साडेसात. एकदा हा ठोकताळा मी सातवीच्या टिपणात कोडे म्हणून घातला आणि खाली विचारले: पौर्णिमेला किती वाजता? सोमवारी एका मुलीने उत्तर आणले, सव्वा अकरा. ते तिने आजीकडून आणले होते. आजीला लिहिता येत नव्हते, पण पाऊणकी अखंड येत होती: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. त्यानंतर ती आजी दर शनिवारी ‘मास्तरांनी काय धाडले’ असे विचारू लागली.

पण गोष्ट येथे संपत नाही. खरे गणित पुढेच आहे. पौर्णिमेस सव्वा अकरा आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेस पाऊण वाजता. म्हणजे एरवी रोज पाऊण तासाने पुढे सरकणारी भरती त्या एका दिवशी दीड तासाने सरकली? समुद्र अशी उडी मारीत नाही. मग चूक ठोकताळ्यात आहे. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत भरतीची वेळ मागे पडत पडत घड्याळाचा पूर्ण फेरा, म्हणजे चोवीस तास, करते. तिथी तीस. चोवीस तासांची १,४४० मिनिटे तिसांत वाटली तर एकेका तिथीच्या वाट्यास ४८ मिनिटे येतात. पाऊण तासाची मात्र ४५. रोज तीन मिनिटांची तूट, अष्टमीपर्यंत चोवीस मिनिटे, आणि पौर्णिमेपर्यंत बरोबर पाऊण तास. हरवलेला पाऊण तास सापडला. अचूक गुणक पाऊण नसून चार पंचमांश आहे. आणि ४८ मिनिटे म्हणजे दोन घटिका, तेव्हा घटिकांत मोजणाऱ्यास तिथीची नुसती दुप्पट पुरते. चार पंचमांशाचा पाढा कोणास पाठ नव्हता आणि पाऊणकी सर्वांस पाठ होती, म्हणून लोकांनी पाऊण धरली असावी असे मला वाटते. प्रत्यक्षात खंबायतच्या आखाताकडे जावे तसतशी भरती थोडी उशिरा येते, त्यामुळे मुंबईची वेळ आमच्याकडे तंतोतंत लागू पडत नाही. पंधरा दिवस वेळा टिपून फरक काढण्याचे काम मुलांना दिले तर सरासरी म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही.

कोड्यांच्या बाबतीत आमच्या जिल्ह्यास दूर जावयास नको. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. देवळालीस शाळामास्तर म्हणून १९६२ पर्यंत त्यांनी नोकरी केली. संख्यांशी खेळणे हा त्यांचा छंद, आणि आपल्या संख्यांना नावे देताना त्यांनी डोंबिवली स्टेशनावरून ‘डेम्लो’ हे नाव घेतले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगास हा मास्तर ठाऊक झाला. १९८६ साली ते वारले.

त्यांचा ६१७४ हा अंक पाचवीच्या टिपणासाठी सोन्यासारखा आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच करा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, म्हणून २०१४ घेऊ. ४२१० वजा ०१२४, उरले ४०८६. पुढे ८६४० वजा ०४६८, उरले ८१७२. त्यानंतर क्रमाने ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. आणि ६१७४ वर तीच क्रिया केली तर पुन्हा ६१७४ च. कोठूनही निघा, सात वजाबाक्यांच्या आत किंवा सातव्या वजाबाकीस येथेच येऊन पोहोचाल. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेतले तर त्यालाही सातच लागतात, आणि दुसऱ्याच पायरीस ते २०१४ च्या वाटेला येऊन मिळते. हातच्याच्या सात वजाबाक्या गृहपाठ म्हणून दिल्या तर मुले तोंड वाकडे करतात. येथे ती आपण होऊन वीस करतात. शिवाय प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नवाच्या पटीत येते, कारण तेच अंक फिरवून मांडलेल्या दोन संख्यांची वजाबाकी नवाने नेहमी भागली जाते. ४०८६ चे अठरा, ३९९६ चे सत्तावीस. बेरीज नवाच्या पटीत आली नाही तर कोठेतरी हातचा चुकला, हे मुलाला मास्तराकडे न जाता कळते.

हे टिपण पूर्वी फळ्यावर लिहीत, मुले उतरून घेत. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ते मोबाइलवर गेले आणि पुष्कळ ठिकाणी तेथेच राहिले. सोय झाली हे खरे. पण शुभेच्छांच्या चित्रांत व सूचनांच्या गर्दीत गणित कोठे दडते ते सापडत नाही. आणि ज्या घरात एकच मोबाइल, व तो बापाच्या खिशातून विरारच्या पलीकडे गेलेला, त्या घरच्या मुलाला टिपण मिळते रात्री नऊ वाजता. म्हणून मोबाइलवर पाठविले तरी एक प्रत वर्गाच्या दाराशी चिकटवावी, आणि ती अर्ध्या पानाहून मोठी नसावी. त्यात कोणाचे गुण नसावेत, कोणाचे नाव नसावे. चूक वर्गाची म्हणून सांगावी. मास्तरांना आधीच कागदपत्रे थोडी आहेत काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण हा कागद वर कोठे पाठवावयाचा नसतो, आणि अर्ध्या तासात लिहून होतो.

पालकांना एवढेच सांगणे आहे की टिपण हाती आले म्हणजे मुलाचे गणित तपासावयास बसू नये. त्यालाच विचारावे, ‘हे मला समजावून सांग पाहू.’ ते सांगता सांगता जेथे अडेल तेथे पेन्सिलीने एक लहान खूण करावी आणि कागद सोमवारी तसाच शाळेत परत पाठवावा. वर्गातील तीस कागदांवर एकाच ओळीपाशी खुणा दिसल्या की त्या सोमवारी काय शिकवावयाचे हे मास्तरास निराळे ठरवावे लागत नाही.