पासवर्ड न विचारता सुरू होणारा संगणक

मीरा रोड पूर्वेला, बेव्हर्ली पार्कसारख्या वस्तीत कितीतरी घरांत अजून एक जुना डेस्कटॉप आहे. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला, मुलं नोकरीला लागल्यावर आईबाबांकडे राहिलेला. त्यावर विजेचं बिल भरलं जातं, परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉल होतो. घरात कोणी सोसायटीचं सेक्रेटरी असेल, तर सोसायटीचं निम्मं दप्तरही त्याच्याच पोटात असतं. "घरात आम्ही दोघंच, मग दर वेळी पासवर्ड कशाला?" हा आजी-आजोबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. ऑटो लॉगिन हे त्याचं रास्त उत्तर आहे, फक्त ते नीट लावायला हवं. पण या सोयीबद्दल जे कानावर पडतं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

ऑटो लॉगिन लावलं म्हणजे पासवर्ड काढून टाकला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. पासवर्ड खात्याला असतोच. संगणक चालू होताना विंडोज तो आपल्या वतीने भरतं, एवढंच. विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबून स्क्रीन लॉक केलीत, तर पासवर्ड पुन्हा मागितला जातो. संगणक स्लीपमधून उठतानाही तो मागतो, कारण त्याची सेटिंग वेगळी आहे. ती साइन-इन ऑप्शन्समध्ये सापडते. "ऑटो लॉगिन लावलं, तरी पासवर्ड विचारतोय" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

संगणक यामुळे वेगाने सुरू होतो, हाही भ्रमच. वाचतो तो फक्त टाइप करण्याचा वेळ. डेस्कटॉप दिसल्यावरही माउसचं चक्र फिरत राहतं, ते जुन्या हार्ड डिस्कमुळे आणि सुरुवातीलाच उघडणाऱ्या प्रोग्रॅम्समुळे. तिथे एसएसडी बसवली की फरक पडतो.

आता लावायचं कसं ते पाहू, कारण खरा घोळ इथे होतो. विंडोजचं बटण आणि आर दाबा. उघडलेल्या चौकटीत एन-ई-टी-पी-एल-डब्ल्यू-आय-झेड ही इंग्रजी अक्षरं सलग टाइप करून एंटर द्या. खात्यांची यादी दिसेल आणि तिच्या वर 'युजर्स मस्ट एंटर अ युजर नेम अँड पासवर्ड' अशी ओळ असेल. यादीतलं हवं ते खातं निवडा, ओळीसमोरची टिक काढा, अप्लाय दाबा आणि पासवर्ड दोनदा भरा. इथे पिन चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल, तर त्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. रोज चार आकडी पिन टाकणाऱ्यांना तो आठवतच नाही, आणि मग "आमच्या संगणकात ही सोय चालत नाही" असा निष्कर्ष निघतो. पुढे कधी ऑनलाइन पासवर्ड बदललात, तर इथेही नव्याने भरावा लागतो.

विंडोज 10 च्या 2020 नंतरच्या आवृत्त्यांत बऱ्याचदा ती टिकची ओळच दिसत नाही, म्हणून कंपनीने सोय काढून टाकली असं लोक मानतात. ती फक्त लपलेली असते. साइन-इन ऑप्शन्समध्ये 'मायक्रोसॉफ्ट खात्यासाठी विंडोज हॅलोच हवं' अशा अर्थाचं एक बटण आहे (विंडोज हॅलो म्हणजे पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन). ते बंद केलं की ओळ परत येते.

ओळ दिसली नाही की काही जण दुसरी वाट धरतात. रजिस्ट्री उघडायची, विनलॉगॉन या कप्प्यात 'डिफॉल्टपासवर्ड' अशी नोंद करायची आणि पासवर्ड तिथे लिहून टाकायचा. चालतं ते, पण पासवर्ड तिथे जसाच्या तसा, वाचता येईल असा पडून राहतो. त्या संगणकावर स्वतःचं खातं असलेलं कोणीही तो कप्पा उघडून पाहू शकतं. वर सांगितलेल्या पद्धतीत, किंवा मायक्रोसॉफ्टच्याच 'ऑटोलॉगॉन' या मोफत साधनात, तो एन्क्रिप्ट करून ठेवला जातो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे हक्क असलेला जाणकार माणूस तोही काढू शकतो, तरी रजिस्ट्रीतल्या उघड्या नोंदीपेक्षा हे कितीतरी बरं. तुमच्या संगणकावर ही सोय दुसऱ्या कोणी लावून दिली असेल, तर त्याने कोणत्या वाटेने लावली ते जरूर विचारा.

"ऑटो लॉगिन लावलं की इंटरनेटवरून हॅकर शिरतो" ही भीती सर्रास ऐकू येते. ही सोय संगणकासमोर बसलेल्या माणसासाठी आहे, नेटवरच्या माणसाला तिने दार उघडत नाही. जुन्या संगणकाला नेटवरून असलेला धोका दुसऱ्याच कारणाने येतो. विंडोज 7 चे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबले आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नसलेल्या यंत्रांना विंडोज 11 अधिकृतपणे मिळत नाही, आणि घरोघरचे कितीतरी जुने डेस्कटॉप यातच मोडतात. बँकेचं काम अशा यंत्रावर करावं की नाही, याचा विचार ऑटो लॉगिनच्या आधी करायला हवा.

उलट्या बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे: पासवर्ड आहे, म्हणजे फायली सुरक्षित. हार्ड डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फायली वाचता येतात. लॉगिनचा पासवर्ड तिथे आडवा येत नाही.

म्हणून माझ्या मते महत्त्वाचा प्रश्न आहे तो कोणतं खातं आपोआप उघडायचं हा. सेक्रेटरींच्या संगणकात सभासदांच्या नोंदी असतात, भाडेकरूंच्या आधार कार्डांच्या प्रती असतात, आणि ही माहिती काही त्यांच्या एकट्याच्या घरची नाही. त्यासाठी वेगळं, पासवर्डचं खातं ठेवा. आजी-आजोबांसाठी 'स्टँडर्ड' प्रकारचं दुसरं खातं काढा आणि ऑटो लॉगिन फक्त त्याला लावा. त्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यातल्या फायली उघडत नाहीत, आणि चुकून काही इन्स्टॉल व्हायला लागलं तर बहुतेक वेळा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो. त्या खात्याच्या ब्राउझरमध्ये बँकेचा पासवर्ड मात्र सेव्ह करू नका, कारण समोर बसेल त्याच्यासाठी ब्राउझर तो भरून देतो.

लाइट जाऊन परत आली की संगणक आपसूक सुरू होऊन लॉगिन होईल, अशीही काहींची समजूत असते. बायोसमध्ये तशी सेटिंग केली असेल तरच यंत्र चालू होतं. ऑटो लॉगिनचं काम त्यानंतरचं.

संगणक दुरुस्तीला द्यायच्या आधी ती टिक परत लावा आणि खात्याचा पासवर्ड बदला. विकायचा किंवा भंगारात द्यायचा असेल, तर हार्ड डिस्क काढून घरीच ठेवा.