आधी प्लग शोधा, मग गाडी!

पहिली गाडी घ्यायची म्हटलं की सल्ला द्यायला अख्खा कट्टा तयार असतो. पिकअप, रेंज, स्क्रीन सगळं तोंडपाठ. पण गाडी लावणार कुठे, चार्ज करणार कुठे, बिघडली तर नेणार कुठे, हे विचारतं कोण?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये कुणाची तरी नवीकोरी गाडी उभी राहते, तेव्हा काय होतं ते आठवून बघा. दोन मिनिटांत पाच-सहा जण गोळा होतात. एक जण डिकी उघडून हेल्मेट मावतं का बघतो. दुसरा उगाच ब्रेक दाबून बघतो. तिसरा विचारतो, ‘किती देते?’ आणि चौथा, ज्याच्याकडे स्वतःची गाडीच नाही, तो शांतपणे सांगतो, ‘हिच्यापेक्षा ती दुसरी घ्यायला हवी होतीस.’

आमच्या ग्रुपमध्ये ती चौथी व्यक्ती म्हणजे मी. कॉलेजला जायचे पीएमपीने, पण कुठली स्कूटर किती सेकंदांत शून्यावरून चाळिसावर जाते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. मागच्या वर्षी माझ्या रूममेटला पहिली गाडी घ्यायची होती. ती इंदापूरकडची. तिच्या बाबांनी उसाच्या बिलातले काही आणि थोडे उसने घेऊन पैसे जमवले होते. तिने मला विचारलं. मी एका संध्याकाळी चहाचे दोन कप संपेपर्यंत चार मॉडेल्सची तुलना केली आणि एका इलेक्ट्रिक स्कूटरवर बोट ठेवलं. तिने ती घेतली. गाडी खरंच भारी होती.

तिसऱ्या दिवशी घरमालक काका म्हणाले, ‘पार्किंगच्या बोर्डावरनं गाडी चार्ज करायची नाही. मीटर कॉमन आहे.’

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. गाडीची बॅटरी फिक्स, काढून वर आणता येत नाही. मी त्याच खोलीत राहत होते, त्याच पार्किंगमधून रोज जात होते. पण चार मॉडेल्सची टॉर्कपासून टायरपर्यंत तुलना करताना खाली चार्जिंगची सोय आहे का, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

सल्ला खोटा नसतो, दुसऱ्याचा असतो

गाड्यांचं वेड असलेले लोक खोटं बोलत नाहीत. ते मनापासून बोलतात, आणि फुकट बोलतात. फक्त ते स्वतःच्या आयुष्यातून बोलतात. ज्याचा बंगला आहे त्याला चार्जिंग हा प्रश्नच वाटत नाही. ज्याला वीकेंडला ताम्हिणी घाटात जायचंय, त्याला इलेक्ट्रिक म्हणजे खेळणं वाटतं. ज्याला गॅजेट्स आवडतात तो स्क्रीनवर भाळतो. आणि प्रत्येक कट्ट्यावर एक ‘थांब, पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय’वाला असतोच. त्याचं ऐकलंत तर डिग्री मिळेपर्यंत तुम्ही थांबूनच राहाल.

आपल्या आजोबांना हा ताप नव्हता. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली. पुढे कितीतरी वर्षं स्कूटरसाठी नंबर लावून वाट बघावी लागायची. जी मिळेल ती आपली. आज त्याच चेतकच्या नावाची इलेक्ट्रिक स्कूटर आहे. जानेवारी २०२० मध्ये ती आधी पुणे आणि बंगळूरमध्ये विक्रीला आली. त्याआधी २०१८ मध्ये एथरची ४५० आली होती. २०२० मध्येच टीव्हीएसची आयक्यूब आली, १५ ऑगस्ट २०२१ ला ओलाने स्वतःची स्कूटर जाहीर केली, २०२२ मध्ये हिरोची विडा आली. पाच वर्षांत पर्याय इतके वाढले, की आता गाडीपेक्षा सल्ले जास्त झालेत.

रेंज म्हणजे नेमकं किती?

‘किती देते?’ हा प्रश्न इलेक्ट्रिक गाडीला विचारला की उत्तर येतं रेंजचं. जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा ठरावीक पद्धतीने केलेल्या चाचणीचा असतो. या चाचणीत मागे बसलेला मित्र नसतो, कात्रजचा चढ नसतो आणि ‘लेक्चर चुकतंय’ म्हणून पिळलेला ॲक्सिलरेटर तर अजिबात नसतो. त्यामुळे रस्त्यावर रेंज कमी मिळते. ती किती, हे तीच गाडी सहा महिने वापरणाऱ्याला विचारा. शोरूममधल्या माणसाला नको.

त्यापेक्षा बॅटरी किती किलोवॉट-अवरची आहे ते बघा. एक किलोवॉट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. स्कूटर एका युनिटमध्ये ढोबळमानाने तीस-पस्तीस किलोमीटर जाते. म्हणजे तीन युनिटची बॅटरी असेल तर नव्वद-शंभर किलोमीटर धरून चाला. चार्ज होताना थोडी वीज वाया जाते, म्हणून भिंतीतून तीनऐवजी साडेतीन युनिट जातात. दहा रुपये युनिट धरलं तर फुल चार्जचे पस्तीस रुपये झाले.

आता खरा हिशोब करू. समजा तुम्ही महिन्याला ५०० किलोमीटर फिरता. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडीचं ॲव्हरेज ४५ धरलं, तर पेट्रोलला साधारण ११५० रुपये लागतील. इलेक्ट्रिकला १७५ च्या आसपास. वर्षाला जवळपास साडेअकरा हजार वाचले. इलेक्ट्रिक गाडी पंचवीस हजारांनी महाग असेल, तर जास्तीचे पैसे साधारण दोन वर्षांत वसूल.

पण तुमचं कॉलेज चार किलोमीटरवर असेल आणि महिन्याला जेमतेम २०० किलोमीटर होत असतील तर? मग वर्षाला वाचतील पावणेपाच हजारांच्या आत. तेच पंचवीस हजार वसूल व्हायला पाच वर्षांच्या वर जातील. तेव्हा तुमचं शिक्षण संपून तुम्ही कुठल्या शहरात असाल, सांगता येतं का? गाडी तीच, किंमत तीच, पण उत्तर दोघांसाठी वेगळं. म्हणून ‘इलेक्ट्रिक परवडते का?’ असं कुणाला विचारण्याआधी एक महिना स्वतःचे किलोमीटर मोजा.

सल्ल्यालाही एक्सपायरी डेट असते

दोन वर्षांपूर्वीचा एखादा तुलनेचा व्हिडीओ बघून निर्णय घेत असाल, तर जरा थांबा. या काळात किमतीचं गणितच बदललंय. केंद्र सरकारची इलेक्ट्रिक दुचाकीवरची सबसिडी आधी बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-अवरमागे १५ हजार रुपये होती. जून २०२३ मध्ये ती १० हजारांवर आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी योजना आली तेव्हा ५ हजार, तीही एका गाडीमागे जास्तीत जास्त १० हजार, आणि पुढच्या वर्षी त्याच्याही निम्मी. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच आहे. म्हणजे एकीकडे सबसिडी आटली, दुसरीकडे पेट्रोल गाडी स्वस्त झाली. जुन्या व्हिडीओतला माणूस तेव्हा बरोबर होता, आज असेलच असं नाही.

आणि तुलना करताना दोन्हीकडचा ऑन रोड भाव घ्या. एक्स-शोरूम भावात विमा, पासिंग, ॲक्सेसरीज काही नसतं. काही इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये तर नकाशा आणि मोबाइलला जोडायच्या सुविधा यांचं पॅक वेगळं विकत घ्यावं लागतं. डेमो गाडीवर जे दिसलं, ते सगळं तुमच्या गाडीत येणार आहे का, हे बुकिंगच्या आधी लिहून घ्या.

नावावर जाऊ नका

ॲक्टिवा हे नाव आपल्याकडे इतकं मुरलंय, की कुठल्याही स्कूटरला लोक ॲक्टिवाच म्हणतात. होंडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच नावाची इलेक्ट्रिक गाडी दाखवली. तिच्यात दीड-दीड किलोवॉट-अवरच्या दोन बॅटऱ्या आहेत. त्या घरी चार्ज करायच्या नाहीत, कंपनीच्या स्टेशनवर जाऊन बदलून घ्यायच्या. सुरुवातीला ती बंगळूर, दिल्ली आणि मुंबईपुरतीच होती. स्टेशन जवळ असलेल्या मुंबईच्या मुलाला हे सोयीचं, कारण चाळीत प्लग शोधायची कटकटच नाही. पण हीच गाडी ‘नाव चांगलं आहे’ म्हणून कुणी साताऱ्याला नेली तर?

विडासारख्या काही गाड्यांमध्ये बॅटरी काढून घरात नेता येते. आमच्यासारख्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना हा मोठा आधार. मात्र एकेक बॅटरी दहा किलोच्या आसपास असते आणि काही मॉडेल्समध्ये अशा दोन असतात. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असताना, त्या उचलून नेणं जमेल का, याचा विचार शोरूममध्ये होत नाही. तो जिन्यात होतो.

बारावीतल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ‘लायसन्स नको, पासिंग नको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्कूटर कायद्याने चालतात, पण मोटर २५० वॉटची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतच असेल तर. दुकानदार ‘एक वायर काढली की चाळीसने पळते’ म्हणाला, की समजा तुम्ही सवलतीच्या बाहेर गेलात. उद्या कुणाला धडकलात तर लायसन्सही नाही आणि विमाही नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी गाडी कुठल्या महिन्यात बनली ते नक्की बघावं. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्याच्या घटना घडल्या आणि बॅटरीच्या सुरक्षा चाचण्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाल्या. त्याच्या आधीची गाडी स्वस्तात मिळत असेल, तर ती स्वस्त का मिळतेय हे विचारायला लाजू नका. बॅटरीची वॉरंटी किती उरली आहे आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हेही विचारा. बॅटरी हाच गाडीतला सगळ्यात महाग भाग आहे.

हे पाच प्रश्न आधी

टेस्ट राइडला जाण्याआधी एका कागदावर उत्तरं लिहा. रात्री गाडी कुठे उभी राहणार आणि तिथे चार्जिंगला कुणाची परवानगी लागणार? तुम्ही महिन्याला खरोखर किती फिरता? सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, आणि तिथे आज किती गाड्या रांगेत उभ्या आहेत? (हे फोन करून कळत नाही, प्रत्यक्ष जाऊन बघा.) हप्ता असेल तर तो संपेपर्यंत तुम्ही याच शहरात आहात का? आणि शेवटचा, घरात ही गाडी अजून कोण चालवणार?

परवानगीचं सांगते. काकांना भीती दोन गोष्टींची होती, बिलाची आणि वायरिंगची. बहुतेक स्कूटरचा घरगुती चार्जर साधारण इस्त्रीएवढीच वीज ओढतो. महिन्याचं बिल दोनशेच्या आत. वेगळा सब-मीटर बसवून, इलेक्ट्रिशियनकडून पॉइंट नीट काढून घेऊन, त्याचे पैसे आम्ही देऊ, असं गाडी घेण्याआधी लेखी दिलं असतं, तर ते कदाचित तयार झाले असते. गाडी दारात आणून मग मागितलेली परवानगी कुणालाही दादागिरीच वाटते.

आमच्याकडे तेच झालं. पुढचे अडीच महिने माझी रूममेट दर बुधवारी आणि रविवारी हडपसरला मावशीकडे जायची. गाडी चार्जिंगला लावून चार-पाच तास तिथेच अभ्यास करत बसायची. परीक्षा आल्यावर तेही जमेना. शेवटी दिवाळीत गाडी टेम्पोत घालून गावी पाठवली.

आता तिचे बाबा ती चालवतात. घर ते शेत, शेत ते डेअरी. ओसरीत प्लग आहे, रोजचं अंतर दहा-बारा किलोमीटर. ‘पेट्रोलचा खर्चच गेला,’ म्हणून ते खूश आहेत. सर्व्हिस सेंटर मात्र जवळपास नाही, तेवढी एक काळजी आहे. आणि त्यांची लेक पुण्यात पुन्हा बसच्या रांगेत, माझ्या शेजारी उभी असते. तिने मला एकदाही बोलून दाखवलं नाही. तेच जास्त लागतं.

परवा ज्युनिअरच्या ग्रुपमधल्या एकाने विचारलं, ‘दीदी, कुठली गाडी घेऊ?’ दोन मॉडेल्सची नावं जिभेवर आली होती. ती गिळली आणि विचारलं, ‘राहतोस कुठे? कितव्या मजल्यावर?’